चाळणीचा आवाज

माझ्या देशाला समुद्र नाही.
तरी पाळी संपवून बाहेर आले
की ओठ खारट असतात.
इथे चारशे मीटर खाली एक समुद्र वाळून पडलाय,
मासाही धड मासा नव्हता तेव्हाचा.
माझा नवरा काझिमीर तो खरवडून वर पाठवतो.
मी तो दाबते.

आधी ती नुसती धूळ असते,
गुलाबी, लोखंडाचा गंज लागल्यासारखी.
धुळीला कुणी विचारत नाही.
शेतात टाकली तर वारा नेतो,
पोत्यात ठेवली तर ढेकूळ होते,
पेरणीयंत्राच्या नळीत शिरली तर हटून बसते.
म्हणून दोन रूळ, माझ्या कमरेएवढे,
समोरासमोर फिरणारे,
मधल्या फटीत करंगळी जेमतेम मावेल.
वरून गरम धूळ पडते,
खालून पाटी निघते,
शाळेतल्या पाटीसारखी, टकटक वाजणारी.
ना गोंद, ना पाणी.
नुसता दाब.

मग तिचा चुरा. मग चाळण.
मोठं पुन्हा दळायला, बारीक पुन्हा दाबायला,
दोन ते चार मिलिमीटरचं तेवढं पुढे.
निम्म्याहून जास्त परत येतं.
नव्या पोरांना हे पटत नाही:
एवढी वीज जाळायची आणि निम्मं परत?
मी म्हणते, पहिलं धिरडं तव्यालाच चिकटतं,
म्हणून कुणी पीठ ओतून देतं का?

फेब्रुवारीत एका रात्री चाळणीचा सूर बदलला.
खळखळ होती ती जराशी खरखर झाली,
एवढंच.
रीहोर म्हणाला, पडद्यावर सगळं हिरवं आहे, तेक्ला.
मी धारेखाली हात धरला.
मुगात हरभरे होते.
लाल बटण दाबलं
आणि इतकी शांतता झाली
की छपरावरचा बर्फ सरकलेला ऐकू आला.
तिसऱ्या जाळीला वीतभर चीर.
काम एक्केचाळीस मिनिटं बंद. वहीत माझं नाव,
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'कान'.
साहेबांनी ते खोडून 'नियमित तपासणी' केलं.

आई कारखान्याचं काही घरात येऊ देत नाही.
माझे बूटसुद्धा अंगणात.
तिच्या माहेरची विहीर
आमच्या मिठाच्या डोंगरापायी खारट झाली,
ते ती विसरलेली नाही.
विसरायला मीही सांगत नाही.
बटाट्याच्या सऱ्यांना ती चुलीतली राख देते, बर्चची,
हिवाळाभर पत्र्याच्या डब्यात जपलेली.
यातही तेच असतं गं, मी म्हणायचे.
असेल, ती म्हणायची,
पण राखेसाठी जमिनीला भोक पाडावं लागत नाही.

या वसंतात वारा पडेचना.
आणि तिचा हात, शरद सरल्यापासून कापणारा,
मूठ उघडायची तिथे उघडेना, भलतीकडेच उघडे.
राख डोळ्यांत, भुवयांत, रुमालाखालच्या केसांत.
सरीत उभी राहिली, करडी, डोळे मिटून,
मी पदराने पुसावं म्हटलं तर पदर कुठला,
बाहीनेच पुसले.
दोन दिवस त्यावर बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बीट चिरता चिरता:
ते तुझे खडे.
टाकले तिथेच पडतात का?

पडतात.

मग आण मूठभर. मूठभरच.

जेवणाच्या डब्यातून आणले.
आधी एक जिभेवर ठेवला, थुंकली.
विहीरच ही, म्हणाली.
मग वाकली
आणि कापऱ्या बोटांनी टाकत गेली
एक इथे, दोन तिथे, थांबून, पुन्हा एक.
हात हलला तरी दाणा खाली सरळ गेला.

मी मागे उभी होते.
सतरा वर्षं या दाण्यांच्या गदारोळात काढली,
घरीसुद्धा जरा मोठ्यानेच बोलते मी.
मऊ मातीवर तो पडतो तेव्हा
आवाजच होत नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.